बूट आणि दप्तर

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. दहावीचा निकाल लागून अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू होती. आमच्या नातवाने दप्तर खुंटीला टांगले, खेळायचे बूट माझ्यासमोर ठेवले आणि सरळ सांगून टाकले, "आबा, मी आता कॉलेजात जाणार नाही. मला एका क्लबाने निवड-चाचणीला बोलावलंय. मी फुटबॉलच खेळणार."

सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मुलगा कामावर होता. ती माझ्याकडे पाहू लागली, कारण या घरात फुटबॉलचे खूळ कोणी आणले हे तिला ठाऊक आहे. ते मीच आणले.

"तुम्हीच सांगा आता त्याला," ती म्हणाली.

नातू हसला. "आबा काय सांगणार? आबांना नोकरी लागली ती फुटबॉलमुळेच ना!"

पोराने बरोबर वर्मावर बोट ठेवले. तो म्हणतो ते खोटे नव्हते. पण ते पूर्ण खरेही नव्हते. उरलेले अर्धे मी कधी त्याला सांगितलेच नव्हते. त्या रात्री मी त्याला जवळ बसवून दोन फॉरवर्ड खेळाडूंची गोष्ट सांगितली. एक जगाला माहीत असलेला, दुसरा आमच्या चाळीपुरता. वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरात असा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल. म्हणून तीच गोष्ट इथे लिहीत आहे.

पहिले नाव जॉर्ज वेआ. मी त्याचे नाव प्रथम वाचले ते 1995 सालच्या अखेरीस, वस्तीतल्या वाचनालयात. वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर बातमी होती : युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून दिले जाणारे बॅलन डी ऑर हे पारितोषिक यंदा आफ्रिकेच्या खेळाडूला. सोबत फोटो. काळासावळा, उंचापुरा, भरल्या खांद्यांचा गडी. तोपर्यंत हे पारितोषिक फक्त युरोपच्या खेळाडूंनाच मिळत असे. युरोपात खेळणाऱ्या कुठल्याही देशाच्या खेळाडूला ते देता येईल, असा नियम त्याच वर्षी बदलला आणि पहिल्याच वर्षी ते वेआने नेले. जगातला सर्वोत्तम खेळाडू हा फिफाचा मानही त्या वर्षी त्यालाच मिळाला. दोन्ही मान मिळवणारा आफ्रिकेचा तो पहिलाच. मी तेव्हा चाळिशीत होतो. गुडघा केव्हाच गेला होता. पण तो फोटो मी कितीतरी वेळ पाहत बसलो.

हा मुलगा जन्मला 1 ऑक्टोबर 1966 रोजी, पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया या लहानशा देशात, राजधानी मनरोव्हियाच्या क्लारा टाऊन नावाच्या गरीब वस्तीत. आईबापांपाशी नव्हे, आजीपाशी तो वाढला. ज्याला आजीने किंवा आजोबाने वाढवले आहे, त्याला हे वाक्य वेगळे समजावून सांगायला नको.

लायबेरियाची कहाणी आपण ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक 1822 पासून जहाजाने इथे आणून वसवले गेले. 1847 साली त्यांनी स्वतंत्र देश जाहीर केला. देशाच्या नावातच स्वातंत्र्य आहे. पण गंमत नव्हे, दुःख असे की गुलामीतून सुटून आलेल्यांचीच पुढे सत्ता झाली आणि त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मूळचे लोक खालच्या पायरीवर राहिले. सव्वाशेहून अधिक वर्षे सत्ता, शाळा, मोठ्या नोकऱ्या या मूठभर घराण्यांच्याच हाती होत्या. वेआ मूळच्या क्रू जमातीतला. 1980 साली लष्करी उठाव होऊन ती राजवट पडली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. रंग एक असला तरी माणूस माणसाला खाली ढकलू शकतो, हे त्या देशाने दाखवून दिले. आपल्याला ते कुणी शिकवायला नको.

अशा वस्तीतल्या पोराला चेंडू तेवढा फुकट मिळतो. वेआची शाळा अर्धवट राहिली. त्याने सरकारी टेलिफोन खात्यात स्विचबोर्डवर तंत्रज्ञाचे काम धरले आणि कामाबरोबर खेळ चालू ठेवला. मायटी बॅरोल आणि इन्व्हिन्सिबल इलेव्हन हे मनरोव्हियाचे दोन नावाजलेले क्लब. दोन्हींकडून तो खेळला. मग इतर देशांतून बोलावणी आली. कॅमेरून देशातल्या तोनेर याउंदे या क्लबात तो गेला. तिथे कॅमेरूनचे प्रशिक्षक क्लोद ल रॉय यांच्या नजरेत भरला. त्यांनी फ्रान्समधल्या आर्सेन वेंगर यांना कळवले. 1988 साली वेंगर यांनी त्याला मोनाको क्लबात आणले. तेव्हा त्याचे वय बावीसच्या आत होते.

इथे मी नातवाला थांबवले. म्हटले, "बघ, परदेशी जाण्याआधी तो टेलिफोनच्या तारा जोडत होता आणि खेळतही होता. एका उडीत कोणी मिलानला पोचत नाही."

"पण पोचला ना, आबा!"

"पोचला. पुढे ऐक."

आता दुसरा फॉरवर्ड. तो मी. आमच्या चाळीमागे कारखान्याची मोकळी जागा होती. तिथे अनवाणी खेळायचो. माझ्या पायात वेग होता आणि डोके चेंडूखाली बरोबर यायचे, म्हणून मला पुढे ठेवायचे. फॉरवर्डचे काम लोकांना सोपे वाटते. नव्वद मिनिटांत त्याच्या वाट्याला चेंडू थोडाच वेळ येतो. बाकीचा वेळ तो जागा शोधत फिरतो, बचाव करणाऱ्याला फसवतो, लाथा खातो, आणि एकदा संधी आली की क्षणात निर्णय घ्यावा लागतो. चुकला तर सगळे मैदान शिव्या देते. साधला तर खांद्यावर घेते.

मला खांद्यावर घेतले गेले. नववीत असतानाच एका स्पर्धेत मी अंतिम सामन्यात दोन गोल केले आणि रेल्वेच्या कारखान्याच्या संघातल्या एका साहेबांनी मला हेरले. "नोकरी लावतो, आमच्याकडून खेळ." आईने विचारले, "आणि शाळा?" मी म्हटले, "शाळा शिकून नोकरीच लागते ना? ती तर आत्ताच लागतेय." आई गप्प बसली. बाबा गिरणीत बदलीवर होते, घरात खाणारी तोंडे सहा. खलाशाची नोकरी म्हणजे आमच्यासाठी लॉटरीच. वयाची अट पुरी होताच मी कामाला लागलो. नववीचे दप्तर खुंटीला टांगले ते टांगलेच.

पाच-सहा वर्षे सुखात गेली. सामन्याच्या दिवशी कामातून सुटी, स्टेशनवर चहा, साहेब नावाने हाक मारायचे. सत्ताविसाव्या वर्षी गुडघ्यात काहीतरी तुटले. त्या काळी आमच्यासारख्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया कोण करतो? दोन महिने पट्टी, मग लंगडत कामावर. आणि त्या दिवसापासून मी फक्त खलाशी झालो. लोखंड उचलायचे, तेल पुसायचे, साहेबांनी सांगितले ते करायचे.

काही वर्षांनी कारकुनाच्या जागांसाठी खात्यातल्या खात्यात परीक्षा निघाली. फलकावर कागद लावला होता, इंग्रजीत. मला तो वाचता येईना. ज्या कारकुनाने वाचून दाखवला, तो एकेकाळी माझ्या गोलवर टाळ्या वाजवणारा. त्याने कागदावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "तुझं काही नाही रे यात. दहावी पाहिजे." तो वाईट बोलला नाही. त्याने फक्त लिहिलेले वाचले. पण मला लाथ गुडघ्यावर बसली तेव्हा जेवढे लागले नव्हते, तेवढे त्या दिवशी लागले. माझ्याबरोबर लागलेला, संघात राखीव बसणारा एक गडी दहावी झालेला होता. तो कारकून झाला, पुढे वरिष्ठ होऊन निवृत्त झाला. मी त्याला कधी दोष दिला नाही. त्याच्याकडे कागद होता, माझ्याकडे गोल होते. गोलांची नोंद त्या कार्यालयात कुठल्याच वहीत नव्हती.

हे मी नातवाला त्या रात्री पहिल्यांदाच सांगितले. तो काही बोलला नाही. मग मी पुन्हा वेआकडे वळलो.

मोनाकोत वेंगर यांनी त्याला घडवले. काळ्या खेळाडूंना प्रेक्षकांतून नको नको ते ऐकावे लागायचे तो काळ. त्या दिवसांत या माणसाने आपल्याला मुलासारखे वागवले, असे वेआ पुढे नेहमी सांगत आला. 1991 साली मोनाकोने फ्रेंच चषक जिंकला. 1992 साली तो पॅरिस सँ-जर्मां या क्लबात गेला. 1994 साली त्या संघाने फ्रान्सची लीग जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये म्युनिक शहरात बायर्न संघाविरुद्ध तो राखीव म्हणून नंतर मैदानात उतरला आणि एकट्याने बचाव फोडून सामन्यातला एकमेव गोल केला. 1994-95 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वांत जास्त गोल त्याचेच होते. उपांत्य फेरीत त्याच्या संघाला इटलीच्या मिलानने हरवले, आणि त्यानंतर मिलाननेच त्याला आपल्याकडे घेतले.

मिलानसाठी त्याने केलेला एक गोल मी नातवाच्या मोबाइलवर पाहिला. 8 सप्टेंबर 1996, वेरोना संघाविरुद्ध. मी तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी वाचल्या होत्या, पण डोळ्यांनी पाहिला तो सत्तरीकडे झुकल्यावर. वेरोनाचा कॉर्नर. चेंडू मिलानच्या गोलसमोर येतो. वेआ तो आपल्याच पेनल्टी बॉक्सजवळ छातीपाशी घेतो तसा पायाखाली घेतो आणि पळत सुटतो. अर्धे मैदान ओलांडतो. एकाला चुकवतो, दोघांच्या मधून घसरतो, चेंडू सुटतोसा वाटतो पण सुटत नाही. समोरच्या टोकाला जाऊन गोलरक्षकाच्या बाजूने चेंडू जाळीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणालाही चेंडू न देता. नातू म्हणाला, "आबा, कसला भारी!" माझ्या तर डोळ्यांत पाणी आले. त्या धावेत मला क्लारा टाऊनची गल्ली दिसली. जिथे चेंडू दुसऱ्याला दिला की परत मिळेल याची खात्री नसते, तिथला पोरगा असाच पळतो.

मिलानबरोबर त्याने 1996 आणि 1999 अशा दोन वेळा इटलीची लीग जिंकली. पण सगळे गोड नव्हते. नोव्हेंबर 1996 मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो संघाशी सामना झाल्यावर बाहेर पडण्याच्या वाटेवर त्याने एका बचावपटूला डोक्याने धडक दिली, त्याचे नाक फुटले. आपल्याला रंगावरून शिवीगाळ झाली, असे वेआचे म्हणणे. त्या खेळाडूने ते साफ नाकारले. आरोप सिद्ध झाला नाही आणि वेआवर सहा सामन्यांची बंदी आली. त्याच वर्षी खिलाडूवृत्तीबद्दलचा फिफाचा पुरस्कारही त्याला मिळाला, हे विशेष. मी नातवाला म्हटले, "अपमान झाला की डोके फिरते हे मला कळते. पण डोक्याने मारले की शिक्षा आपल्यालाच होते, आणि अपमान करणारा असलाच तर तो नाकाला पट्टी लावून निर्दोष ठरतो." हे सांगताना मला माझेही दोन-चार प्रसंग आठवले. ते राहू देत.

वेआ युरोपात गोल करत होता तेव्हा त्याचा देश जळत होता. डिसेंबर 1989 मध्ये लायबेरियात यादवी युद्ध पेटले. मधला काही काळ सोडला तर ते 2003 पर्यंत चालले. सुमारे अडीच लाख माणसे मेली. लहान मुलांच्या हातात बंदुका दिल्या गेल्या. संयुक्त राष्ट्रांनी आपल्या देशात हस्तक्षेप करावा असे वेआने 1996 साली जाहीरपणे म्हटले, तर मनरोव्हियातले त्याचे घर जाळले गेले आणि त्याच्या नात्यातल्या मुलींवर अत्याचार झाले. बोलण्याची किंमत घरच्यांनी मोजली.

अशा देशाचा राष्ट्रीय संघ कोण चालवणार? तिजोरी रिकामी. वेआने स्वतःच्या पैशाने खेळाडूंची विमानाची तिकिटे काढली, कपडे-बूट घेतले. 1996 आणि 2002 साली लायबेरिया आफ्रिकी देशांच्या स्पर्धेत खेळू शकला. 2002 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तर वेआ खेळाडूही होता, प्रशिक्षकही होता आणि पैसे देणाराही होता. त्या गटात नायजेरियाला 16 गुण मिळाले आणि लायबेरियाला 15. एका गुणाने विश्वचषक हुकला. जगातला सर्वोत्तम ठरलेला हा खेळाडू विश्वचषकात एकही सामना खेळू शकला नाही. चांगला खेळाडू कुठल्या देशात जन्मतो यावर किती अवलंबून असते ते पाहा.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. 1994 साली त्याने मनरोव्हियात मुलांसाठी एक क्लब काढला. नाव ज्युनियर प्रोफेशनल्स. त्या क्लबात यायला फी नव्हती, ओळख लागत नव्हती. अट एकच होती : मुलगा शाळेत जात असला पाहिजे. शाळा सोडली की क्लब सुटला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गावात, बंदूक आणि रिकामे पोट यांच्या मधोमध, या माणसाने मुलांपुढे चेंडू ठेवला आणि चेंडूच्या पलीकडे शाळेचे दार ठेवले. स्वतः अर्धवट शिकलेल्या माणसाने ही अट घातली. ज्याच्या पायाला काटा बोचलेला असतो, तोच वाटेवरचा काटा उचलतो.

चेल्सीबरोबर 2000 साली इंग्लंडचा एफ. ए. चषक जिंकून, मग मँचेस्टर सिटी, मार्सेय आणि शेवटी आखातातला अल जझिरा क्लब असे करत 2003 साली त्याने खेळ थांबवला. देशात शांतता आली होती. 2005 साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लागली आणि वेआ उभा राहिला. पहिल्या फेरीत सुमारे 28 टक्के मते घेऊन तो सर्वांच्या पुढे होता. दुसऱ्या फेरीत त्याच्यासमोर होत्या एलेन जॉन्सन सरलीफ. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात शिकलेल्या, अर्थशास्त्र जाणणाऱ्या बाई. आणि मग तो प्रश्न आला, जो मला आमच्या कारखान्याच्या फलकाखाली आला होता : याचे शिक्षण किती?

वेआचे शालेय शिक्षण पुरे झालेले नव्हते. जी एक पदवी त्याच्या नावावर सांगितली गेली, ती पैसे घेऊन कागद देणाऱ्या संस्थेची निघाली, त्यावरून टीका झाली. त्याच्या गरीब समर्थकांना त्याचे काही वाटत नव्हते. शिकलेल्यांनीच देशाची राखरांगोळी केली, असे ते म्हणत, आणि त्यात तथ्य होते. पण दुसऱ्या फेरीत बाईंना जवळपास 60 टक्के मते मिळाली. आफ्रिकेतल्या पहिल्या निवडून आलेल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांचे नाव झाले. वेआ हरला.

आता माणूस दोन प्रकारे वागतो. एक तर म्हणतो, जग दुष्ट आहे, आणि चिडून बसतो. तसा मी पंधरा-वीस वर्षे बसलो होतो. दुसरा मार्ग वेआने धरला. त्याच्याकडे पैसा होता, कीर्ती होती, चाळिशी आली होती. तो अमेरिकेत गेला आणि राहिलेले शालेय शिक्षण पुरे केले. मग मायामीच्या डेव्हराय विद्यापीठातून 2011 साली व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतली. जगाचा सर्वोत्तम खेळाडू चाळीस उलटल्यावर पोराबाळांसारखा अभ्यासाला बसला.

ही बातमी मी वाचली तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. धाकटी लेक बारावीत होती. मी तिला भीत भीत विचारले, "मला या वयात दहावीला बसू देतील का गं?" ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने 17 नंबरच्या फॉर्मची चौकशी करून आणली. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. कारखान्यातून आलो की रात्री जेवण झाल्यावर ती मला बीजगणित शिकवायची. पहिल्या वर्षी गणितात आणि इंग्रजीत आपटलो. घरचे म्हणाले, पुरे आता. लेक म्हणाली, "बाबा, एका सामन्यात हरलं म्हणून कोणी बूट काढतं का?" दुसऱ्या खेपेला सुटलो. टक्के विचारू नका. बढतीसाठी त्याचा काही उपयोग झाला नाही, निवृत्ती जवळ आली होती. पण निवृत्तीचे कागद पुढे आले तेव्हा मी ते स्वतः वाचले, एका ठिकाणी रकमेत चूक होती ती बोट ठेवून दाखवली, आणि मगच सही केली. त्या सहीचा आनंद मला त्या दोन गोलांपेक्षा मोठा वाटला.

पुढची वेआची कहाणी थोडक्यात सांगतो. 2011 साली तो उपाध्यक्षपदाला उभा राहून हरला. 2014 साली सिनेटवर मोठ्या मताधिक्याने निवडून आला. समोर राष्ट्राध्यक्षांचा मुलगा होता. डिसेंबर 2017 च्या दुसऱ्या फेरीत 60 टक्क्यांहून जास्त मते घेऊन राष्ट्राध्यक्ष झाला आणि 22 जानेवारी 2018 रोजी त्याने शपथ घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेंगर आणि ल रॉय या दोघा गुरूंना बोलावून देशाचा मोठा सन्मान दिला. सप्टेंबरमध्ये नायजेरियाविरुद्धच्या मैत्रीच्या सामन्यात, एक्कावन्नाव्या वर्षी, देशाचा अध्यक्ष 14 नंबरचा सदरा घालून मैदानात उतरला.

मी नातवाला हेही लपवले नाही की राज्य चालवणे त्याला गोलाइतके जमले नाही. महागाई वाढली, लोक रस्त्यावर आले, त्याच्या जवळच्या अधिकाऱ्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप होऊन 2022 साली अमेरिकेने त्यांच्यावर निर्बंध घातले. त्याच वर्षाच्या अखेरीस तो कितीतरी आठवडे देशाबाहेर राहिला म्हणून टीका झाली. त्या दिवसांत कतारमध्ये विश्वचषक चालू होता. त्याचा मुलगा टिमोथी अमेरिकेत जन्मला, अमेरिकेकडून खेळतो. 21 नोव्हेंबर 2022 रोजी त्याने वेल्सविरुद्ध गोल केला. बापाला विश्वचषकाचे मैदान मिळाले नाही, लेकाने पहिल्याच सामन्यात तिथे गोल केला. बाप म्हणून मी ते समजू शकतो. अध्यक्ष म्हणून लोकांनी जाब विचारला, तेही बरोबरच.

नोव्हेंबर 2023 मध्ये तो जोसेफ बोआकाई यांच्याकडून 20 हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरला. एवढ्या थोड्या फरकाने हरल्यावर अशा देशांत बंदुका निघतात. वेआने अंतिम निकाल जाहीर होण्याआधीच पराभव मान्य केला, प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन केले आणि आपल्या माणसांना निकाल स्वीकारायला सांगितले. ज्या देशात अडीच लाख माणसे मेली, तिथे एकही गोळी न झाडता त्याने खुर्ची सोडली. माझ्या हिशेबात वेरोनाच्या त्या गोलानंतर हाच त्याचा मोठा गोल.

नातू इतका वेळ ऐकत होता. मग त्याने नेमका प्रश्न टाकला. "पण आबा, शिकूनही शेवटी तो हरलाच ना? आणि तुम्हाला तरी दहावीचा काय फायदा झाला?"

पोरगे फॉरवर्डच आहे. उघडी जागा बरोबर दिसते त्याला.

मी म्हटले, "शिकला म्हणून जिंकेलच असे नाही. शिकून चांगले राज्य करेलच असेही नाही. पण शिकला नव्हता तेव्हा त्याला दारातच अडवले. तुझ्या आबाला फलकाखालीच अडवले. शिकल्यावर तो आत गेला. मग जिंकला, चुकला, हरला ते स्वतःच्या बळावर. आणि दुसरे असे बघ. जगात इतकी मुले खेळतात, त्यातला एखादाच वेआ होतो. आमच्या संघात अकरा जण होते. अकराही जण चांगले खेळायचे. एकही वेआ झाला नाही. पण त्यातले जे शिकलेले होते ते माणसांत राहिले, आणि जे माझ्यासारखे होते त्यांना गुडघा गेला त्या दिवशी कोणी ओळखले नाही."

"म्हणजे चाचणीला जाऊ नको म्हणता?"

"जा. मी स्वतः येतो तुझ्याबरोबर. पण या घरात ज्युनियर प्रोफेशनल्सचा नियम. दप्तर खाली तर बूट खाली."

तो बराच वेळ बुटाच्या नाड्या चाळवत बसला. मग उठला, खुंटीवरचे दप्तर काढले आणि आत बूट कोंबू लागला. सूनबाई ओरडली, "अरे, वह्या मळतील!" मी म्हटले, "मळू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि तो अकरावीच्या रांगेत उभे राहिलो. पुढच्या रविवारी चाचणीला गेलो. साठ-सत्तर मुले आली होती. त्याला पुन्हा बोलावले आहे, निवड अजून झालेली नाही. होईल किंवा न होईल. कॉलेज मात्र सुरू झाले आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी मैदान. थकतो, कुरकुरतो, रविवारी उशिरापर्यंत झोपतो.

आयाबायांना आणि बापमंडळींना एवढेच सांगणे. मुलाला किंवा मुलीला खेळू नको म्हणू नका. खेळाने आमच्या घराला पहिली नोकरी दिली, हे मी विसरलेलो नाही. जमेल तसे पैसे साठवून बूट घेऊन द्या. चांगले घ्या, हलके घेतले तर पाय मोडतो. सामना असेल तर मैदानाच्या कडेला उभे राहा, पोराला बरे वाटते. पण ज्या दिवशी कोणी साहेब येऊन म्हणेल, "शाळा सोड, आमच्याकडून खेळ," त्या दिवशी माझ्या आईसारखे गप्प बसू नका. तिने तेव्हा विचारलेला प्रश्न बरोबर होता. फक्त तो तिने दुसऱ्यांदा विचारायला हवा होता.